नाताळची भेट कुणाच्या दारी?

फ्रान्समधल्या दिजाँ शहरात २३ डिसेंबर १९५१ रोजी, रविवारी दुपारी, सांताक्लॉजला जाळण्यात आलं. आधी त्याचा पुतळा कॅथीड्रलच्या लोखंडी कठड्याला फाशी दिल्यासारखा टांगला, मग चर्चच्या आवारात, धर्मशिक्षणाला येणाऱ्या शेकडो मुलांच्या डोळ्यांदेखत त्याला आग लावली. हे स्थानिक धर्मगुरूंच्या संमतीनं झालं. आरोप दोन होते: हा उपरा येशूच्या जागेवर येऊन बसला आहे, आणि तो पाखंडी आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नगरभवनाच्या छपरावर दिव्यांच्या झोतात सांताक्लॉज पुन्हा उभा राहिला. शहराचा महापौर स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. त्यानं या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नाही. क्लोद लेव्ही-स्त्रोस या मानववंशशास्त्रज्ञानं पुढच्याच वर्षी या प्रकारावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की जाळून त्याला संपवायला निघालेल्यांनीच त्याला अमर करून ठेवलं.

डिसेंबर उजाडला की आजही हेच दोन पक्ष बोलू लागतात. एक म्हणतो, नाताळ हा खरेदीचा, मेजवानीचा, भेटींचा सण; त्यात येशूला ओढून आणायचं कारण काय, तो मुळात त्यात होताच कुठे? दुसरा म्हणतो, भेटवस्तूंनी आमचा सण गिळला. त्या हटवा, म्हणजे आत बाळ येशू सापडेल. पहिला पक्ष वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि व्हॉट्सॲपवर बोलतो, दुसरा चर्चच्या व्यासपीठावरून. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात, आणि दोघांची चूक एकाच जागी आहे. भेट आणि ख्रिस्तजन्म हे एकमेकांचे वैरी आहेत असं दोघंही धरून चालतात. मी ख्रिस्ती आहे, तेव्हा या वादात तटस्थ असल्याचा आव आणत नाही. पण पुरावा जिथे माझ्या बाजूचा नाही, तिथे तो तसाच मांडेन.

खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या बळानिशी मांडावा, ही आपल्याकडची जुनी रीत. तर पहिल्या पक्षाचं म्हणणं असं: शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख कुठेही नाही. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते असं लूक सांगतो, म्हणजे ते ऐन थंडीचे दिवस नसावेत. पहिली दोन शतकं ख्रिस्ती लोकांनी हा सण पाळल्याची खूण नाही. वाढदिवस फारो आणि हेरोदासारखे पापी लोक साजरे करतात, असं तिसऱ्या शतकात ओरिगेन या धर्मपंडितानं बजावलं होतं. उलट २५ डिसेंबर हा रोममध्ये अजिंक्य सूर्यदेवाचा जन्मदिवस. सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये त्या सूर्याचं भव्य देऊळ उभारलं. त्याच्या आधीचा आठवडा सॅटर्नेलिया या रोमन सणाचा. त्यात मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या एकमेकांना दिल्या जात, आणि मार्शल या कवीनं तर भेटवस्तूंसोबत धाडायच्या दोन-दोन ओळींच्या कवितांची पुस्तकंच करून ठेवली. चर्चनं हा तयार सण उचलला आणि वर आपलं नाव घातलं. झाड जर्मनांचं, सांताक्लॉज न्यूयॉर्कचा, लाल डगला कोका-कोलाचा. मग ख्रिस्ती अर्थ उरला कुठे? सणाचा गाभा भेटी आणि मेजवानी हाच आहे. धर्म हा मागाहून दिलेला रंगाचा हात.

हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण मूळ पुरावा हातात घेतला की चित्र बदलतं.

तो पुरावा म्हणजे ३५४ साली रोममध्ये तयार झालेलं एक पंचांग. फिलोकालस नावाच्या सुलेखनकारानं ते एका श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी लिहिलं. मूळ प्रत हरवली, नकला उरल्या. या एकाच ग्रंथात दोन वेगळ्या याद्या आहेत. सरकारी सणांच्या यादीत २५ डिसेंबरपुढे त्रोटक अक्षरांत लिहिलं आहे की अजिंक्याचा जन्मदिवस, रथांच्या ३० शर्यती. हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची जी ख्रिस्ती यादी आहे, तिची सुरुवातच त्याच तारखेनं होते, आणि तिथे यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला अशी नोंद आहे. ही दुसरी यादी अभ्यासकांच्या मते ३३६ च्या सुमारास तयार झालेली. सूर्याच्या २५ डिसेंबरच्या जन्मदिवसाचा या पंचांगाहून जुना उल्लेख आपल्या हाती नाही. ऑरेलियननं देऊळ बांधलं हे खरं, पण त्यानं २५ डिसेंबरला उत्सव सुरू केला असं त्याच्या काळातला कोणताही लेख सांगत नाही. या पंचांगात सूर्याचे मोठे, अनेक दिवस चालणारे खेळ आहेत ते ऑक्टोबरात. म्हणजे दोन्ही सणांचा पहिला पुरावा एकाच बाडात सापडतो, आणि त्यांतला ख्रिस्ती सणाचा पुरावा थोडा आधीचाच निघण्याची शक्यता आहे. कुणी कुणाचं उचललं, हे यावरून ठरत नाही. ठरतं एवढंच, की चोरी सिद्ध झालेली नाही.

मग ही तारीख आली कुठून? लुई द्युशेन या फ्रेंच इतिहासकारानं १८८९ मध्ये एक उत्तर सुचवलं आणि पुढे टॉमस टॅली या अभ्यासकानं ते भक्कम केलं. पाश्चात्त्य चर्चमध्ये येशूचा क्रूसावरचा मृत्यू २५ मार्चला झाला असं मानत; तेर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकानं तिसऱ्या शतकाच्या आरंभी ही तारीख दिली आहे. येशू ज्या दिवशी मेला त्याच दिवशी तो मरीयेच्या उदरी आला होता, म्हणजे त्याचं आयुष्य पुरत्या वर्षांचं होतं, अशी समजूत होती. ऑगस्टीन या धर्माचार्यानं ती स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. २५ मार्चपासून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. आशिया मायनरमध्ये हीच मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत. तिथून नऊ महिने मोजले की ६ जानेवारी येतो, आणि पूर्वेकडची चर्चेस जन्मोत्सव ६ जानेवारीलाच पाळत. आर्मेनियन चर्च आजही पाळतं. एकाच हिशेबातून दोन्ही तारखा सुटतात, हे या मताचं बळ. हाही अखेर तर्कच आहे, आणि त्यावर आक्षेप घेणारे जाणते लोक आहेत. पण जो तर्क सूर्यदेवाच्या बाजूनं निर्विवाद सत्य म्हणून दरवर्षी छापला जातो, त्याच्यापेक्षा तो कमजोर नाही.

आणि तो सूर्यवाला तर्क कुणी रुजवला हेही पाहण्यासारखं आहे. १२व्या शतकातल्या बार सलिबी या सिरियन बिशपाच्या ग्रंथाच्या एका हस्तलिखितात कुणा अनामिकानं समासात लिहून ठेवलं की सूर्याच्या जन्मदिवशी लोक दिवे लावत, म्हणून चर्चनं सण ६ जानेवारीवरून २५ डिसेंबरला नेला. घटनेनंतर आठशे वर्षांनी लिहिलेली ही टीप, तीही पाश्चात्त्य तारखेबद्दल नाराज असलेल्या पूर्वेकडच्या माणसाची. पुढे प्रोटेस्टंट पंडितांनी तो मुद्दा उचलला, कारण रोमन चर्च मूर्तिपूजकांच्या चालीरीतींनी बिघडलेलं आहे हे त्यांना दाखवायचं होतं. बोस्टनचा इन्क्रीज मॅथर हा प्युरिटन धर्मगुरू १६८७ मध्ये हेच सांगत होता. म्हणजे आज ज्या युक्तिवादानं नाताळमधून धर्म वजा केला जातो, तो घडवला अतिधार्मिक माणसांनी, नाताळ पुरेसा धार्मिक नाही म्हणून.

सॅटर्नेलियाकडून आजच्या भेटवस्तूंकडे सरळ रेषा ओढता येत नाही हे तर सहज दाखवता येतं. सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ च्या सुमारास संपे. रोमन लोकांच्या भेटींचा दुसरा मोठा दिवस १ जानेवारी, आणि चौथ्या-पाचव्या शतकांतले धर्माचार्य त्याच्याविरुद्ध कडाडून बोलत. ऑगस्टीन लोकांना सांगत असे, की ते नववर्षाच्या भेटी देतात तर तुम्ही दानधर्म करा. पुढे मध्ययुगभर युरोपातल्या भेटी नववर्षाला किंवा ६ डिसेंबरच्या संत निकोलसच्या दिवशी दिल्या जात. इंग्लंडच्या राजाला दरबारी नजराणे द्यायचे तेही नववर्षालाच. २५ डिसेंबर हा भेटींचा मुख्य दिवस झाला तो फार उशिरा. ज्याला गाभा म्हणतात तो असा मागाहून आलेला आहे.

सूर्याचा मुद्दा मात्र मी पूर्ण उडवून लावणार नाही. पाचव्या शतकात पोप लिओ एका नाताळच्या प्रवचनात रोमच्या ख्रिस्ती लोकांवर रागावतो, कारण सेंट पीटरच्या पायऱ्या चढून गेल्यावर ते मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करत आणि मगच आत जात. तेव्हा सरमिसळ होतीच. तारीख खरोखर उसनी घेतली असेल असंही क्षणभर मानू. त्यानं काय सिद्ध होतं? उगम आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. ‘मानसोल्लास’ या १२व्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आहे. त्याच ओवीत ज्ञानदेवांनी गीतेचं तत्त्वज्ञान मांडलं. आणि त्याच ओवीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं येशूचं चरित्र लिहिलं. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. ‘ज्ञानेश्वरी’ मुळात कांडणगीत आहे, वेदान्त मागाहून चिकटवला, असं कुणी म्हणत नाही. ‘ख्रिस्तपुराण’ वाचणाराही त्यातला ख्रिस्त उपरा मानत नाही. जुन्या रूपात नवा आशय येतो आणि ते रूप त्या आशयाचं होऊन जातं. सणांचंही तसंच होतं.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. तो माझा स्वतःचा पक्ष आहे, म्हणून त्याच्याशी जास्त कठोर व्हायला हवं.

धार्मिक मंडळी असं धरून चालतात, की पूर्वी कधीतरी एक शुद्ध, शांत, प्रार्थनेचा नाताळ होता आणि बाजारानं तो नासवला. असा नाताळ इतिहासात सापडत नाही. ३८० च्या सुमारास ग्रेगरी नाझियानझस या बिशपानं कॉन्स्टँटिनोपलमध्ये या सणाचं प्रवचन केलं. या विषयावरच्या सगळ्यात जुन्या प्रवचनांपैकी ते एक आहे. त्यात तो लोकांना विनवतो: दारांना तोरणं लावू नका, रस्ते सजवू नका, नाच मांडू नका, अत्तरं, तलम कपडे, महागडी पक्वान्नं आणि उंची मद्यं यांची चढाओढ करू नका, तीही तुमच्याच मातीची घडलेली माणसं उपाशी असताना. सण तिथे अजून बाळसं धरत होता. अंत्युखियात ३८६ मध्ये जॉन क्रिसोस्तोम हा धर्मोपदेशक सांगत होता, की हा दिवस आपल्याला माहीत होऊन दहा वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे नाताळ आणि नाताळच्या उधळपट्टीविषयीची तक्रार ही जुळी भावंडं आहेत.

उधळपट्टी काढून टाकली की अर्थ उरेल, हा प्रयोगही करून झालेला आहे. प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथानं तो पूर्ण ताकदीनं केला. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १६४७ मध्ये नाताळचा सण कायद्यानं बंद केला. त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला कँटरबरीच्या महापौरानं दुकानं उघडी ठेवण्याचं फर्मान काढलं, आणि ज्यांनी ती उघडली त्यांच्यावर लोक चालून गेले, माल रस्त्यावर फेकला, शहरात दंगल झाली. आज आपण दुकानांना दोष देतो. तेव्हा नाताळच्या दिवशी दुकानं उघडा असा आग्रह धर्मनिष्ठांचा होता! मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. कायदा गेला तरी मनातली अढी गेली नाही. तिथे नाताळची अधिकृत सुट्टी आली ती १८५६ मध्ये. स्कॉटलंडमध्ये तर १९५८ मध्ये. आपल्याकडे १८१३ मध्ये मुंबईत येऊन अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू करणारे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतून आलेले होते. मराठी ख्रिस्ती समाजाची एक शाखा अशी नाताळ न पाळणाऱ्यांनी लावलेली आहे, याचा आपल्याला विसर पडतो.

त्या प्रयोगातून काय निघालं? बेथलेहेमची आठवण जास्त खोल झाली असं दिसत नाही. चर्चनं सण रिकामा करून ठेवला आणि तो परत आला तेव्हा त्याला घडवायला दुकानदार पुढे होते. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानानं १८६७ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत दारं उघडी ठेवली, तेव्हा शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये सुट्टी मिळून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. भेटवस्तू वजा केल्यानं श्रद्धा आपोआप शिल्लक राहत नाही. हे गणित चुकतं, कारण या श्रद्धेच्या पोटातच भेट आहे.

आता मंडन. शुभवर्तमानं उघडून त्यांत कोण कुणाला काय देतं एवढंच पाहू. मत्तयाच्या कथेत पूर्वेकडचे मागी लोक सोनं, ऊद आणि गंधरस आणतात. ते परके आहेत, परधर्माचे आहेत, आणि ज्याला देतात त्याच्याकडून त्यांना काही परत मिळायचं नाही. मूल आईबापांबरोबर लगेच मिसरात परागंदा होतं. लूकच्या कथेत बाळाला गव्हाणीत ठेवतात, आणि बातमी पहिल्यांदा पोचते मेंढपाळांना. त्याच अध्यायात पुढे एक तपशील आहे, ज्यावर नाताळच्या प्रवचनांत क्वचितच कुणी थांबतं. चाळीस दिवसांनी मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात आणि होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिलं अर्पण करण्याचा विधी पाळतात. लेवीयच्या पुस्तकातला नियम असा, की बाळंतिणीनं एक कोकरू आणि एक पाखरू द्यावं. कोकराची ऐपत नसेल तर दोन पाखरं चालतील. लूक मरीयेच्या गरिबीबद्दल अवाक्षर काढत नाही. फक्त तिच्या हातात काय होतं ते सांगतो. त्या काळचा यहुदी वाचक त्यावरून घराची परिस्थिती ओळखत असणार.

दोन्ही कथांत घरच्यांनी घरच्यांना काही दिल्याचा उल्लेख नाही. येतात ते परके, आणि भेट जाते ऐपत नसलेल्या घरात. प्रेषित पौल करिंथकरांना दुसरं पत्र लिहितो ते यरुशलेममधल्या गरिबांसाठी निधी गोळा करताना, आणि तिथे तो ख्रिस्तजन्माचा सारा अर्थ एका वाक्यात सांगून जातो. ख्रिस्त धनवान होता, तुमच्यासाठी दरिद्री झाला, त्याच्या दारिद्र्यानं तुम्ही धनवान व्हावं म्हणून. असा त्याचा आशय आहे. अवताराचं एवढं गहन तत्त्व वर्गणीच्या आवाहनात यावं, यात मला काहीच विसंगत वाटत नाही. देवानं स्वतःला दिलं, तेही परत देऊ न शकणाऱ्यांना, हीच ख्रिस्ती नाताळची मूळ गोष्ट आहे. बाकी सगळं तिच्याभोवती जमलं.

मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानानं १९२५ मध्ये भेटीवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. जगभरच्या समाजांत भेट ही कधीच फुकट नसते. द्यावी लागते, घ्यावी लागते आणि परत करावी लागते, असं त्यानं दाखवलं. यासाठी दूरच्या बेटांवर जायची गरज नाही. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये हा नियम आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पाळला जातो. दिवाळीचं फराळाचं ताट येतं, नाताळला केक आणि करंज्या जातात. हा व्यवहार चांगला आहे. माणसं त्यानंच बांधली जातात. येशूला तो माहीत होता, आणि त्यानं नेमका त्याच्यावर बोट ठेवलं. लूकच्या १४व्या अध्यायात तो यजमानाला सांगतो, की जेवण घालशील तेव्हा मित्र, भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते तुला परत बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, पांगळे, आंधळे यांना बोलाव, त्यांच्याकडे फेडायला काही नसतं.

संत निकोलसची कथा याच शिकवणीतून उगवलेली आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा हा बिशप. त्याच्याबद्दल ऐतिहासिक असं फार थोडं हाती लागतं, पण कथा जुनी आहे. एका नादार झालेल्या बापाच्या तीन मुलींना हुंड्याअभावी विकलं जाण्याची वेळ येते. निकोलस रात्री त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकतो. एकदा, पुन्हा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी बाप पाळत ठेवून त्याला गाठतो, तेव्हा निकोलस त्याच्याकडून वचन घेतो, की मी जिवंत असेपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही. अंधार आणि गुपित कशासाठी, तर घेणाऱ्यानं ऋणात राहू नये म्हणून. सांताक्लॉजनं हे गुपित अजून जपलं आहे. मूल झोपलेलं असतानाच तो येतो. बदललं आहे ते घर.

हे घर कसं बदललं, ते स्टीफन निसनबॉम या अमेरिकन इतिहासकारानं १९९६ च्या आपल्या पुस्तकात बारकाईनं दाखवलं आहे. १९व्या शतकाच्या आधी इंग्लंड-अमेरिकेत नाताळला मजूर, नोकर, शिकाऊ पोरं टोळ्यांनी धनिकांच्या दारावर थाप मारत, गाणी म्हणत आणि खाणंपिणं, पैसे मागत. न दिल्यास दंगा करत. त्यात भक्ती कमी आणि दारू जास्त होती, हे कबूल. पण देणं वरून खाली, घरातून दाराबाहेर जात होतं. न्यूयॉर्क वाढलं, तसा सुखवस्तू लोकांना या टोळ्यांचा धाक वाटू लागला. त्याच वर्तुळातून १८२३ मध्ये एका वर्तमानपत्रात निनावी छापली गेलेली संत निकोलसच्या भेटीची कविता आली. ती क्लेमंट मूर यांची मानतात. तिच्यातला पाहुणा दारावर थाप मारत नाही, काही मागत नाही, धुराड्यातून येऊन घरातल्याच मुलांच्या मोज्यांत खेळणी भरतो. दाराबाहेरच्या गरिबाची जागा घरातल्या लेकरांनी घेतली. पुढे थॉमस नास्ट या चित्रकारानं १८६३ पासून सांताक्लॉजची चित्रं काढली, १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिराती आल्या. पण खरा बदल तोवर होऊन गेला होता. भेट वाढली, आणि तिनं दिशा बदलली.

माझं सगळं म्हणणं या दिशेबद्दल आहे. नाताळच्या ख्रिस्ती अर्थाची आठवण ठेवायची म्हणजे भेटीवर ‘येशूचा वाढदिवस’ अशी चिठ्ठी चिकटवायची नाही, आणि भेटी बंद करून उदास बसायचंही नाही. जी भेट फिरून आपल्याकडे येणार आहे तिच्याबरोबर, शक्यतो तिच्या आधी, न फिरणारी भेट दाराबाहेर पाठवायची.

ही चाल आपल्याकडे सापडते, फक्त तिच्याकडे कुणी सिद्धान्त म्हणून पाहत नाही. गोव्यात आणि वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांत डिसेंबरात कुलकुल करायला सगळं घर बसतं. मैदा, अंडं, लोणी, नारळाचं दूध घालून कणीक मळायची. तिची बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या उलट्या बाजूवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर अंगठ्यानं दाबायची आणि तशीच गुंडाळत आणायची, म्हणजे शंखासारख्या रेघा उठतात. तळून साखरेच्या पाकात घोळवायचं. एकट्यादुकट्याचं हे काम नाही. हात चालतात तशा गप्पा चालतात, आणि गप्पांत यंदा कुणाकुणाकडे ताट जायचं ते ठरतं. गोव्यात ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे गोडधोड करत नाहीत. तरी त्या घरी ताट जातं, आणि परत येताना ते रिकामं येणार हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. डबा रिकामा परत करू नये हा नियम तिथे बाजूला ठेवला जातो आणि कुणाला त्याचं वैषम्य वाटत नाही. लूकचा १४वा अध्याय पुस्तकाबाहेर इतका स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

एक आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारून हिशेब मांडला, की नाताळच्या भेटींवर खर्च झालेल्या रकमेचा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वायाच जातो, कारण घेणारा तीच वस्तू तेवढे पैसे देऊन घेतली नसती असं सांगतो. हा हिशेब बरोबर असेल. पण तो अशांचा आहे, जे ती वस्तू स्वतः विकत घेऊ शकत होते. भेट पोटभरल्यांच्या घरांतच फिरत राहिली की ती वाया जाऊ लागते, हे त्यातून दिसतं, आणि ते माझ्या म्हणण्याला पूरकच आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: हे सगळं समाजकार्य झालं, त्याला येशूची गरज काय? गरज अशी, की समाजकार्यात देणारा उंचावर उभा राहण्याचा धोका कायम असतो. ख्रिस्तजन्माच्या गोष्टीत देव स्वतः घेणाऱ्याच्या जागी आहे. त्याला जागा हवी आहे, ऊब हवी आहे, पळून जायला वाट हवी आहे. मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा सांगतो, की तो भुकेला, परका, उघडा मीच होतो. हे मानणारा माणूस गरिबाच्या दारी जाताना उपकार करायला निघालेला नसतो. मानवतावाद गरिबाला समान मानतो, आणि ते थोर आहेच. ही श्रद्धा त्याला यजमान मानते.

चर्चच्या पंचांगाची रचनाही याला धरूनच आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. वेदीवर जांभळी वस्त्रं, वाट पाहण्याचे दिवस. मेजवानी २५ ला सुरू होते, आणि दुसऱ्याच दिवशी, २६ ला, दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा स्मृतिदिन. प्रेषितांच्या कृत्यांत तो विधवांच्या अन्नवाटपासाठी नेमलेल्या सात जणांपैकी पहिला आहे. २८ ला हेरोदानं मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा दिवस. दुकानातला नाताळ नोव्हेंबरात सुरू होऊन २५ च्या संध्याकाळी संपतो. पंचांगातला तेव्हा नुकता सुरू झालेला असतो आणि ६ जानेवारीला मागी पोचेपर्यंत चालतो. स्पेनमध्ये मुलांना मोठ्या भेटी त्या दिवशीच मिळतात. २४ च्या रात्रीपर्यंत सगळं देऊन मोकळं होण्याची घाई ख्रिस्ती परंपरेनं कुणाला लावलेली नाही. ज्यांच्याकडून परतफेड येणार नाही अशी घरं शोधायला त्यानंतर चांगले बारा दिवस मिळतात.